सहा आठवडे जॅकवर

आमच्या घरात नळ कुणीही बंद करावा, फक्त यांनी करू नये. यांनी बंद केलेला नळ पुन्हा उघडायला यांनाच बोलवावं लागतं, आणि हे शेतावर असले की घरात पाणी असून आम्ही कोरडे. बत्तीस वर्षं ज्या माणसाने जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग ओढलंय, त्याला नळ हा नळ वाटतच नाही. त्याला वाटतं, पलीकडून कुणीतरी जोर लावतंय.

आताच्या ट्रॅक्टरांना पॉवर स्टिअरिंग असतं, दोन बोटांनी वळतात. आमच्याला वळवायचं तर आधी पाय रोवायचे, मग कंबर आवळायची, मग दात, आणि शेवटी हातांना सांगायचं. त्यातही पहिली पाव चक्कर स्टिअरिंग पोकळच फिरतं, चाकांपर्यंत बातमी पोचत नाही. म्हणून हे वळण यायच्या आधीच एक झटका देऊन ठेवतात. शिवाय पुढचं चाक दगडावर चढलं की स्टिअरिंग उलटं फिरून हातावर येतं. अंगठा आत असला तर अंगठा गेला. त्यामुळे यांचा अंगठा कायम बाहेर. स्टिअरिंगवरच नाही, चहाचा कप, झाडू, पेन, सगळं अंगठा बाहेर ठेवून. लग्नात माझा हात धरला तोही तसाच. मला वाटलं, लाजतायत.

यांच्या शर्टाची उजवी बाही शिंपी डावीपेक्षा दोन बोटं सैल शिवतो. न सांगता. जेवताना हे ताट दोन्ही हातांनी धरून बसतात आणि दारातून कुणी आत आलं की ताट जरासं डावीकडे वळतं, येणाऱ्याला वाट द्यायला.

तर अशा माणसाचा उजवा खांदा गेल्या हंगामात संपावर गेला. हात छातीच्या वर जाईना. हे कबूल करतील तर शपथ. डोकं खाजवायचं झालं तर हात वर न्यायच्याऐवजी डोकं खाली हाताकडे आणायचे. टोपी टेबलावर ठेवून तिच्यात डोकं घालताना मी पाहिलं तेव्हा माझा धीर सुटला. शर्ट मी घालायला लागले, केस मी विंचरायला लागले. शर्टासाठी हात पुढे करताना हे माझ्याकडे बघायचे नाहीत. जमिनीकडे बघायचे.

शेवटी ओढत नेलं दवाखान्यात. व्यायाम देणारी डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची.

‘काका, हात वर करा.’

‘केला की.’

‘कुठे?’

‘हा काय.’

हात पोटाच्या चार बोटं वर. तिने तो धरून थोडा उचलला, तशी यांनी डोळे मिटले.

‘सहा आठवडे ट्रॅक्टर बंद,’ ती म्हणाली. ‘एक दिवसही नाही. आता ओढाताण झाली तर खांदा कायमचा धरेल. मग हात असाच. कधीच वर जाणार नाही.’ हे शेवटचं तिने यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. शहाणी पोरगी.

मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीत एक लोखंडी चाक बसवलेलं होतं, परातीएवढं.

‘रोज पंधरा मिनिटं हे फिरवायचं.’

यांनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ‘चाक फिरवूनच तर हे झालं, बाई.’

‘ते ओझ्याचं होतं. हे बिनओझ्याचं.’

‘म्हणजे काट्याने काटा.’

‘तसंच समजा.’

यांनी पाय रोवले. कंबर आवळली. मी म्हणणार होते, अहो, हळू, पण यांचे अंगठे बाहेर आले होते. त्यानंतर बोलून उपयोग नसतो. पाव चक्कर पोकळ जाणार असं धरून यांनी डाव्या हाताने सवयीचा झटका दिला. त्या चाकात पोकळी नव्हती. चाक चार बोल्ट आणि ताटाएवढ्या पोपड्यासकट भिंतीतून बाहेर आलं.

हे ते हातात धरून उभे. डोक्यावर चुना. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, तशा अवस्थेतही यांनी ते डावीकडे वळवून बघितलं.

‘पोकळ नव्हतं,’ हे म्हणाले. ही यांची माफी.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसली. बाहेर बाकावर अकरा खांदे बसले होते, सगळे त्या चाकाचे. नवीन चाक यायला दीड महिना. तोवर या लोकांनी काय फिरवायचं? ती रडायच्या बेतात होती, म्हणून आम्ही निघालो.

घरी अंगणात आल्यावर हे म्हणाले, ‘आपल्याकडे चाक आहे.’

मला आधी कळलंच नाही. मग हे धाकट्या भाऊजींना हाक मारायला गेले. भाऊजींचं शेत आमच्या शेताला लागून. भाऊजींनी जॅक लावला, आमच्या ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत उचलली आणि खाली जाडजूड लाकडी ठोकळे सारले. मागच्या चाकांना दगड. चाकं जमिनीला टेकलेली नसली की स्टिअरिंगला ओझंच नाही. एका हाताने गरगर फिरतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाचं तरी ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आली, सीटवर बसली, फिरवून बघितलं. ‘चालेल,’ म्हणाली, आणि ट्रॅक्टरच्या शेडच्या भिंतीवर खिळा ठोकून रुग्णांच्या पाळ्यांचा तक्ता लावला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे लोक येतायत तोवर ट्रॅक्टर ठोकळ्यांवर. ठोकळ्यांवर आहे तोवर शेतात जात नाही. मी त्या पोरीला चहा दिला आणि म्हटलं, ‘अकराच्या अकरा पाठव. बारावा सापडला तर तोही.’

रोज सकाळी सातला शेड भरायचं. पोत्यांवर ओळीने खांदे बसलेले. आमच्या यांना तेवढीच मास्तरकी. मडगार्डला टेकून उभे राहायचे आणि प्रत्येकाला ओरडायचे, ‘अंगठा बाहेर!’

पहिल्या दिवशी शिंपी चढला. कात्री चालवून चालवून त्याचाही खांदा गेलेला. फिरवतोय आणि बोलतोय पोत्यावरच्यांशी.

‘अहो, समोर बघा,’ हे म्हणाले.

‘समोर भिंत आहे.’

‘भिंत आहे म्हणूनच बघा.’

शिंप्याने बघितलं. थोड्या वेळाने यांनी विचारलं, ‘वळलात का?’

‘कुठे?’

‘दहा मिनिटं चालवताय. बांध नाही का यायचा?’

शिंपी भला माणूस. त्याने वळवला. दुसऱ्या दिवशी गणिताच्या मास्तरीणबाई चढल्या. त्या रिटायर झालेल्या, पण नुसत्या शाळेतून. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, ‘काल यांनी कुठे सोडला होता?’

‘बांधापाशी,’ शिंपी म्हणाला. ‘तोंड विहिरीकडे.’

‘मग तिथूनच सुरू करायला हवं.’

झालं. त्या दिवसापासून आमचा ट्रॅक्टर निघाला. जो चढेल तो आधीच्याने सोडलेल्या जागेपासून पुढे न्यायचा, आणि उतरताना पुढच्याला सांगायचं की आता आपण अमुक ठिकाणी. आठवडाभरात शेतं संपली, रस्ता लागला. मास्तरीणबाईंनी हिशोब ठेवला होता. त्या एकदा म्हणाल्या, ‘डावीकडे चौदा, उजवीकडे नऊ. आपण गोल फिरतोय, शिंपीबुवा.’ शिंप्याला इतका राग आला की दोन दिवस त्याने नुसता उजवीकडे वळवला. खांद्याला चांगलंच झालं ते.

रिटायर झालेला एक बसड्रायव्हर होता. त्याची पंधरा मिनिटं संपली तरी उतरायचा नाही.

‘अहो, पाळी संपली.’

‘रस्त्याच्या मध्यात गाडी सोडून उतरायला मी काय वेडा आहे? थांबा येऊ दे.’

तिसऱ्या आठवड्यात नदी आली. पूल की उथळ पाणी, यावर भांडण. मास्तरीणबाईंनी पाण्यातून घातला, आणि देवाशपथ सांगते, पोत्यांवरच्या लोकांनी पाय वर घेतले. मीसुद्धा चहाचा ट्रे घेऊन येत होते ती जरा थांबले.

सगळ्यात शेवटी यांची पाळी. यांच्या पंधरा मिनिटांत हे कुठेच पुढे न्यायचे नाहीत. हे ट्रॅक्टर परत आणायचे. ‘घरी नको का यायला?’ म्हणायचे. मग दुसऱ्या सकाळी पहिला माणूस पुन्हा पोचवायचा तो कालच्या ठिकाणी, आणि तिथून पुढे. चौथ्या आठवड्यात शिंप्याने समुद्र गाठला. सगळे उठून बघायला लागले, भिंतीकडे. त्या दिवशी मी यांना विचारलं, ‘समुद्रावरून पंधरा मिनिटांत कसे आलात?’

‘रिकामा होता. पळाला.’

खांदाही हलत होता. शेडच्या भिंतीवर डॉक्टरीणबाईने प्रत्येकाची खडूची रेघ मारली होती; भिंतीवर बोटांनी चढत जायचं, जिथवर पोचाल तिथे नवी रेघ. यांची पहिली रेघ शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी. मग खिसा, मग गळपट्टी. चौथा आठवडा संपला तेव्हा कानापाशी. डोक्यावर गेली की सुटका, असं ठरलेलं. रोज सगळे उठून गेले की मी गुपचूप जाऊन त्या रेघेपाशी उभी राहायची आणि स्वतःचा हात तिथवर नेऊन बघायची. कान म्हणजे काही कमी नाही. पण कान म्हणजे डोकं नाही.

पाचव्या आठवड्यात वाफसा आला. जमीन फार ओली असली तर नांगराला चिकटते, सुकली तर दगड होते. या दोन्हींच्या मधे तीन-चार दिवसांची सवड मिळते, तो वाफसा. हे सकाळी शेतात जाऊन आले. मुठीत ढेकूळ. शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर ते बोटांत चुरलं, आणि ते जसं हवं तसंच भुगा होऊन पडलं.

‘उतरवा ट्रॅक्टर,’ हे म्हणाले.

सीटवर बसड्रायव्हर होता. ‘आत्ता? घाटात?’

‘उतरा म्हणतोय ना.’

‘घाटात कोण उतरतं हो?’

मी ट्रे खाली ठेवला. ‘दीड आठवडा राहिलाय,’ मी म्हटलं.

‘जमीन आठवडे मोजत नाही.’

‘डॉक्टरीणबाई मोजते.’

‘कानापर्यंत आलाय हात. कानाच्या वर मला काय काम आहे?’

अकरा माणसं ऐकत होती, पण मला थांबता येईना. ‘तुम्हाला नसेल. मला आहे. शर्ट घालायचा मला कंटाळा नाही, आयुष्यभर घालेन. पण तुम्ही हात पुढे करता तेव्हा खाली बघता ना, ते मला बघवत नाही.’

मास्तरीणबाईंनी तक्ता वाचायला घेतला. हे ठोकळ्यांकडे बघत राहिले.

‘जमीन पडीक ठेवू?’ हळूच म्हणाले.

‘दादा, माझा घ्या की,’ भाऊजी दारातून म्हणाले. भाऊजींचा ट्रॅक्टर नवा, लाल, पॉवर स्टिअरिंगचा. ‘जोरच लागत नाही त्याला. खांद्याला कळणारसुद्धा नाही.’

डॉक्टरीणबाईला फोन केला. ती म्हणाली, पॉवर स्टिअरिंग असेल आणि अगदी हळू चालवणार असतील तर एकदा बघा. सगळे खांदे शेतावर आले. हे लाल ट्रॅक्टरवर चढले. पाय रोवले, कंबर आवळली. मी डोळे मिटले. पहिल्याच कोपऱ्यावर यांनी पाव चक्कर आधी झटका दिला, आणि तो ट्रॅक्टर शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखा गोल फिरला. हे त्याला सरळ करायला उलटा झटका देत होते आणि तो उलटा गोल फिरत होता. भाऊजी मागे पळत, ‘दादा, सोडा! नुसतं सोडा हाताने!’ पण सोडणं यांना कुठे येतं?

उतरले तेव्हा चेहरा पांढरा. ‘यात पलीकडे कुणी नाहीच,’ हे म्हणाले. ‘आपण बोलावं आणि समोर कुणीच नसावं, तसं.’

त्यावर शिंपी म्हणाला, ‘वहिनी चालवतील.’

मी हसले. बाकी कुणी हसलं नाही. बसड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, बस सोडून काही चालवणार नाही. भाऊजींना स्वतःचं शेत होतं, ते सकाळी नांगरून ट्रॅक्टर आम्हाला दुपारी देणार होते. आणि माझ्या हातांना काहीच येत नव्हतं. तेच कामी आलं. ज्या हातांना ओढायची सवय नाही, त्यांना न ओढण्याची वेगळी शिकवणी लागत नाही. भाऊजींनी तासभर शेजारी उभं राहून शिकवलं. ‘वहिनी, नुसतं मनात आणायचं, तो वळतो.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नांगरणीला सुरुवात केली. खांदे बांधावर बसलेले, हे शेताच्या टोकाला उभे. मी गेले, वळले, आले. मागे वळून बघते तर काळी ओळ, सरळ. अगदीच सरळ नाही, पण आमच्या नात्यात जेवढं सरळ कुणी आहे तेवढी.

हे चालत आले. ओळीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे.

‘जोर लागला?’

‘नाही.’

‘थोडा?’

खोटं बोलता आलं असतं. संसारात याहून किरकोळ गोष्टींसाठी मी खोटं बोललेय. पण दोन बोटं अजून स्टिअरिंगवर टेकलेली होती, ती दिसत होती.

‘नाही लागला.’

हे ढेकळांवर बसले. स्वतःचे तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. घट्टे पडून पडून ते तळवे आता चपलेच्या तळासारखे झालेत. ‘मग मी काय ओढत होतो गं एवढी वर्षं?’

काय सांगायचं माणसाला? ‘ट्रॅक्टर,’ मी म्हटलं. ‘दुसरं होतं काय आपल्याकडे? पोरगी शिकली त्याच्यावर, घर उभं राहिलं. तो ओढला नसतात तर मी आज भाऊजींचा ट्रॅक्टर घेऊन नांगरणार होते कुठली जमीन?’

हे उठले आणि ‘अंगठा बाहेर ठेव’ म्हणाले.

‘याला लागत नाही, अहो.’

‘तरी ठेव.’

ठेवला. निघाले. पण ते ‘काय ओढत होतो’ डोक्यातून जाईना. बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस येऊन खाटेवर पडायचा आणि मी म्हणायची, नुसतं बसून तर असता. खरंच म्हणायची. बसून चालवायची गोष्ट आहे म्हटल्यावर बाईमाणसाला काय वाटणार? हे मनात घोळत होतं आणि पुढे बांध येत होता, तो मला दिसला नाही. बांधापलीकडे भाऊजींची वांगी.

यांना दिसला. शेताच्या मधून ओरडले, ‘थांब! अगं थांब!’ आणि ओरडताना यांचा हात वर गेला. उजवा. कानाच्या वर, डोक्याच्या वर, सरळ आभाळात.

मी हाताकडे बघत राहिले. ब्रेकचं मला आठवलंच नाही. ट्रॅक्टर बांधावरून पलीकडे गेला आणि वांग्यांच्या दोन ओळी, छान, सरळ, नांगरून निघाल्या.

‘आंधळी आहेस का?’ हे धावत आले. ‘एवढा हात करतोय, दिसत नाही?’

‘दिसतोय,’ मी म्हटलं. ‘तोच दिसतोय.’

तेव्हा यांनी मान वर करून बघितलं. स्वतःचाच हात, कुणी दुसऱ्याने ठेवून गेल्यासारखा. बांधावर मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. शिंपी म्हणाला, बाही कमी करायला हवी आता. यांनी हात खाली घ्यायला बघितला.

खाली येईना.

‘दुखतोय?’

‘दुखत नाही. येत नाही.’

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाली, ओढू नका, आहे तसा घेऊन या. मग काय, ट्रॅक्टर वांग्यांत सोडला आणि आम्ही दोघं भर दुपारी रस्त्याने दवाखान्याकडे निघालो, हे हात वर करून, मी शेजारून. वाटेतला प्रत्येक माणूस यांना हात करायला लागला. दूधवाल्याने केला, शाळेची पोरं रांगेत जात होती त्यांनी केला. एक मोटारवाला तर काच खाली करून हसला. आमचे हे आयुष्यात कुणाला आपण होऊन हात न करणारे. दोन्ही हात कायम स्टिअरिंगवर, करणार कशाने? आता नाइलाजाने मान डोलवत होते.

पिठाच्या गिरणीपाशी समोरून गिरणीवाला आला. या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नाही. कशावरून, ते दोघांनाही आता सांगता येणार नाही, पण नियम पक्का: तो दिसला की हे रस्त्याची पलीकडची बाजू धरतात. आज बाजू बदलायला वेळच मिळाला नाही. गिरणीवाला थबकला. यांच्या वर गेलेल्या हाताकडे त्याने बघितलं, आजूबाजूला दुसरं कुणी आहे का बघितलं, आणि मग पिठाने पांढरा झालेला आपला हात हळूहळू वर केला.

‘आता?’ हे ओठ न हलवता मला म्हणाले.

‘आता काय? खाली तर येत नाही. बोला.’

हे थांबले. घसा साफ केला.

‘वाफसा बरा आहे यंदा,’ म्हणाले.